दगडाला बांधलेल्या वह्या

म्हैसूरहून तुमच्याशी बोलतो आहे. गेले काही भाग आपण श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात अडकलो होतो. तोफा, खंदक, कावेरीचं पाणी, रसद. आज तोफा नाहीत. आज कागद आहे, शाई आहे, आणि छापून येण्याची वाट बघत बसलेली माणसं आहेत. एका निवृत्त फौजी माणसाने हा विषय कशाला घेतला, असं काहींना वाटेल. कारण आहे, ते ओघात येईलच.

म्हैसूरच्या यादवगिरी भागात आर. के. नारायण यांचं दुमजली घर आहे. ते पाडायला घेतलं होतं. लोकांनी ओरडा केला म्हणून वाचलं, आणि २०१६ पासून तिथे संग्रहालय आहे. पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे राजवाडा बघतात, चामुंडी टेकडी चढतात, वृंदावन उद्यानात जातात आणि म्हैसूर पाक घेऊन परत फिरतात. या घराकडे फारसं कुणी वळत नाही. मी मात्र प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो आणि तिथे उभं राहून एक गोष्ट सांगतो. खरं तर ती या घराच्याही आधीची आहे, १९३० च्या दशकातली.

नारायण तेव्हा महाराजा कॉलेजातून बी. ए. झालेले, मास्तरकीची नोकरी काही दिवसांत सोडून आलेले तरुण होते. आजीने काढून दिलेल्या शुभदिवशी त्यांनी बेंगळुरूत एक वही विकत घेतली आणि मालगुडी नावाच्या, नकाशात नसलेल्या गावाबद्दल लिहायला बसले. 'स्वामी अँड फ्रेंड्स' पूर्ण झालं. ते विलायतेत एकामागून एक प्रकाशकांकडे गेलं आणि नकार घेऊन आलं. नारायणांचा एक मित्र, किट्टू पूर्णा, तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होता. हस्तलिखित शेवटी त्याच्याकडे पोचलं. वैतागलेल्या नारायणांनी त्याला कळवलं, आता परत पाठवू नकोस, दगड बांध आणि थेम्स नदीत सोडून दे. पूर्णाने ते ऐकलं नाही. त्याने ते बाड ग्रॅहम ग्रीन या लेखकाला वाचायला दिलं. ग्रीनला आवडलं, त्याने प्रकाशक मिळवून दिला, आणि १९३५ साली हॅमिश हॅमिल्टन या लंडनच्या प्रकाशनाने ते छापलं. लांबलचक दाक्षिणात्य नाव छाटून सुटसुटीत करण्याची सूचनासुद्धा ग्रीनचीच.

आता 'दगड बांधून नदीत' हे शब्द कानावर पडले की मराठी माणसाला काय आठवतं? थेम्स आठवत नाही. इंद्रायणी आठवते. नारायणांना देहूची कथा ठाऊक होती की नव्हती, त्याने काही बिघडत नाही. लिहिणाऱ्याचं लिखाण आणि नदीचा तळ यांचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे.

आता कारण सांगतो. इथल्या एका कॉलेजात चित्रपट हा विषय शिकवणारे एक मराठी गृहस्थ आहेत. चाळिशीतले. वर्गात मुलांना मोंताज शिकवतात, शॉट म्हणजे काय ते शिकवतात, आणि घरी कविता लिहितात. मराठीत. इथे म्हैसुरात मराठी कविता वाचणारा शेजारी मिळणं कठीण, तेव्हा एका संध्याकाळी ते फाइल घेऊन माझ्याकडे आले. एका प्रकाशकाने त्यांना कळवलं होतं की छपाईचा खर्च तुमचा आणि त्यातल्या बऱ्याच प्रतीही तुम्हीच उचलायच्या. त्यांनी मला विचारलं, "कर्नलसाहेब, तुम्ही इतिहास सांगता. एक सांगा. स्वतःच्या पैशाने छापलेली कविता खालच्या दर्जाची ठरते का? मी थांबू की छापू?" मी म्हटलं, कविता मला कळते तेवढीच कळते, पण आधी कुणाकुणाचं काय झालं ते शोधून सांगतो. हा भाग त्या शोधातून निघालेला आहे.

हे गृहस्थ मुलांना दर वर्षी 'प्यासा' दाखवतात. १९५७ चा चित्रपट. विजय नावाचा कवी, त्याच्या कवितांची फाइल त्याचे सख्खे भाऊ रद्दीवाल्याला विकून टाकतात. प्रकाशक घोष त्याला कारकुनासारखा राबवतो पण त्याची कविता छापत नाही. मग विजय मेला अशी बातमी पसरते, आणि त्याच घोषला पुस्तक काढावंसं वाटतं. पुस्तक धडाक्याने खपतं. मेलेला कवी प्रकाशकाला सोयीचा असतो, एवढी एक गोष्ट गुरुदत्तने अशी काही दाखवली आहे की पुन्हा बघायला धीर लागतो. आणि मंडळी, या चित्रपटातला तो उजेड-अंधार ज्याने पकडला तो छायालेखक व्ही. के. मूर्ती आमच्या म्हैसूरचा. मूर्तींनी कॅमेऱ्याचं शिक्षण घेतलं ते बेंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये, १९४६ साली ते तिथून बाहेर पडले. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली १९६० साली. म्हणजे सिनेमा हा शाळेत शिकवायचा विषय आहे हे म्हैसूर संस्थानाला बरंच आधी सुचलं होतं. आम्ही म्हैसूरकर ही गोष्ट पाहुण्यांना थोडी मान ताठ करून सांगतो.

मराठीत 'प्यासा'वर सगळ्यात नेटकं कुणी लिहिलं असेल तर ते अरुण खोपकर यांनी. ते स्वतः पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, पुढे शिकवलंही. त्यांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक १९८५ साली आलं आणि त्याला सिनेमावरच्या उत्कृष्ट पुस्तकाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. सिनेमा शिकवणारा माणूस उत्तम मराठी लिहू शकतो, याबद्दल कुणाला शंका असेल तर ते पुस्तक वाचावं.

'प्यासा' ही कल्पित कथा आहे, असं म्हणून कुणी सुटू नये. मराठी कवितेला नवं वळण देणारे केशवसुत हे शाळामास्तर होते. त्यांच्या कविता 'काव्यरत्नावली'सारख्या मासिकांतून येत होत्या. हे मासिक जळगावहून निघायचं आणि फक्त कवितेला वाहिलेलं होतं. केशवसुत अखेरच्या काळात धारवाडच्या हायस्कुलात शिकवत होते. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले. वय चाळिशीच्या आत. तोवर त्यांचं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. 'केशवसुतांची कविता' हा संग्रह हरि नारायण आपट्यांनी काढला तो १९१७ साली, बारा वर्षांनी. मी हुबळीहून अनेकदा रेल्वेने गेलो आहे. गाडी थांबली की हे मनात येतंच. एक माणूस या गावात मेला, त्याची वही कुठेतरी होती, आणि ती सांभाळणारं कुणी होतं म्हणून आपल्यापर्यंत पोचली. सांभाळणारं कुणी नसतं तर?

तुकोबांच्या बाबतीतही तेच. परंपरा सांगते की रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत गेल्या, तुकोबा तेरा दिवस काठावर बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मानावं. माझं लक्ष त्यापुढच्या दोनशे वर्षांवर आहे. त्या काळात अभंग जगले ते वारकऱ्यांच्या तोंडी आणि हाताने उतरवलेल्या वह्यांत. छापील गाथा आली इंग्रजी अमदानीत. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या मिळवल्या, पाठ ताडून पाहिले आणि साडेचार हजारांहून अधिक अभंग सिद्ध केले. हे विष्णुशास्त्री म्हणजे विधवाविवाहाची बाजू लढवणारे सुधारक. सरकारने या कामासाठी २४,००० रुपये मंजूर केले होते. त्या काळचे २४,००० म्हणजे केवढे, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. देहूच्या वाण्याची कविता छापायला एवढा पैसा लागला आणि तो परक्या सरकारने दिला, ही गोष्ट मला अभिमानाची वाटत नाही, लाजेचीही वाटत नाही. पैसा कुणाचा हा प्रश्न कवितेच्या बाजूने बघितला तर दुय्यम ठरतो, एवढंच वाटतं.

मग १९३६ साली पुण्याच्या प्रभात स्टुडिओत दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' काढला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातलं बीज आणि झाडाचं गाणं आजही लोक तुकोबांचा अभंग समजून भजनात म्हणतात. ते शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलेलं आहे. म्हणजे बघा, एका फिल्मवाल्या कवीची रचना संताच्या नावावर खपते, इतकी ती चोख उतरली. कवीचं नाव मागे पडलं आणि गाणं देवळात गेलं. आठवल्यांना याचं सुख वाटत असेल की दुःख, कोण जाणे.

याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. पहिले प्राचार्य होते गजानन जागीरदार, 'रामशास्त्री'चे. मग सतीश बहादूर आले. आग्र्याला अर्थशास्त्र शिकवत होते, तिथे फिल्म सोसायटी चालवत होते, आणि पुण्यात येऊन ते सिनेमा कसा बघावा हे शिकवू लागले. चित्रपट रसास्वादाचा जो प्रसिद्ध अभ्यासक्रम आहे, तो १९६७ पासूनचा. आज देशात कुठल्याही कॉलेजात कुणी सिनेमा शिकवत असेल तर त्याची गुरुपरंपरा बहुधा याच आवारात कुठेतरी पोचते. आमचे गृहस्थही त्यातलेच.

आता ज्यांच्यासाठी हा भाग केला त्या माणसाकडे येतो. दिलीप पुरुषोत्तम चित्रे.

१९८२ च्या सुमारास मी नवा लेफ्टनंट होतो. आमच्या छावणीत उघड्यावर पडदा लावून सिनेमा दाखवत. जवान जमिनीवर, जेसीओ बाकांवर, आम्ही मागे खुर्च्यांवर. तिथे 'विजेता' पाहिला. शशी कपूरची निर्मिती, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. घरच्या कटकटींतून सुटू पाहणारा एक मुलगा खडकवासल्याच्या एनडीएत जातो, वैमानिक होतो, १९७१ च्या युद्धात मिग उडवतो. सैन्यावरच्या हिंदी चित्रपटांत आम्हाला सहसा हसायलाच यायचं. टोपी चुकलेली, सॅल्यूट चुकलेला, नायक तर रजेवरच जास्त. हा चित्रपट वेगळा वाटला. त्यातला मुलगा घाबरतो, आणि त्याची भीती खरी वाटते. पटकथा दिलीप चित्रे यांची आहे, हे मला नंतर कळलं. आणि ते मुळात मराठी कवी आहेत, हे आणखी नंतर. गंमत म्हणजे निहलानीसुद्धा कॅमेरा शिकले ते त्याच बेंगळुरूच्या पॉलिटेक्निकमध्ये.

पुढच्या वर्षी 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. त्यात ओम पुरीचा फौजदार स्मिता पाटीलसमोर पुस्तक उघडून एक कविता वाचतो. वाचता वाचता त्याचा आवाज बदलत जातो, आपण जे वाचतोय ते आपल्याबद्दलच आहे हे त्याला कळत जातं. ती कविताही चित्र्यांची. चक्रव्यूहावरची. हिंदुस्थानभर लाखो लोकांनी ती ऐकली. कवितेच्या पुस्तकाला एवढे वाचक कधी मिळाले असते?

चित्र्यांचा जन्म १९३८ चा, बडोद्याचा. वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे बडोद्याहून 'अभिरुची' मासिक काढत. महाराष्ट्राच्या बाहेर, गायकवाडांच्या राजधानीत बसून त्यांनी नव्या मराठी लेखकांना जागा दिली. पु. ल. देशपांड्यांचं सुरुवातीचं लेखन 'अभिरुची'त आलेलं आहे. घरातच मासिक, म्हणजे मुलाला छापून येणं सोपं, असं वाटेल. तसं झालं नाही. घरात मासिक असलेल्या मुलाला त्याचा तोटाही लवकर कळतो. १९५१ मध्ये हे कुटुंब मुंबईला आलं.

तिथे सोळा-सतरा वर्षांच्या दिलीपला अरुण कोलटकर भेटले, रमेश समर्थ भेटले. या पोरांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सुरू केलं. १९५४-५५ ते १९६०. मराठीतलं पहिलं अनियतकालिक म्हणून त्याचं नाव घेतात. छापखाना परवडत नव्हता म्हणून सायक्लोस्टाइल. आता नव्या पिढीला सायक्लोस्टाइल म्हणजे काय ते सांगावं लागेल, आणि इथे मी अधिकारवाणीने बोलू शकतो. आमच्या पलटणीच्या ऑफिसात रोजचे हुकूम त्याच्यावरच निघत. मेणकट कागदाच्या स्टेन्सिलवर टाइपरायटरची फीत काढून टाइप करायचं, म्हणजे अक्षरांच्या जागी मेण फाटतं. ती स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवायची आणि हँडल फिरवायचं. पहिल्या काही प्रती डागाळलेल्या, मधल्या चांगल्या, शेवटच्या फिकट. चुकलं तर तांबडं औषध लावून, फुंकर मारून, पुन्हा टाइप. हाताला लागलेली शाई दोन दिवस जात नाही. ज्या यंत्रावर आम्ही गार्ड ड्युटीच्या याद्या काढत होतो, त्याच जातीच्या यंत्रावर आधुनिक मराठी कवितेचा एक मोठा तुकडा आधी निघाला. याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग प्रस्थापित मासिकं काय करत होती? 'सत्यकथा' होती, मौजेची. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक तिला लाभले. त्यांनी लेखकांवर घेतलेली मेहनत खरी आहे, ती नाकारणारा कृतघ्न. पण 'साभार परत'चा शिक्का ज्यांच्या वाट्याला वारंवार आला ते चिडले. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. मला छापलेलं काहीही जाळणं आवडत नाही, मग ते कितीही रास्त रागाने जाळलेलं असो. पण तो राग कुठून आला हे समजायला हवं. दार एकच, आणि ते उघडणारे हात मोजके.

चित्र्यांचा पहिला संग्रह 'कविता' १९६० मध्ये आला. त्याच वर्षी ते इथिओपियात शाळेत इंग्रजी शिकवायला गेले. तीन वर्षं तिथे मास्तरकी. परत येऊन जाहिरातीचं काम, पत्रकारिता, जे मिळेल ते. १९६७ मध्ये त्यांनी १९४५ ते १९६५ या वीस वर्षांतल्या मराठी कवितेचं इंग्रजी संकलन काढलं, म्हणजे स्वतःची कविता वाट बघत असताना दुसऱ्यांची कविता जगापुढे ठेवली. १९६९ पासून फिल्म. आणि १९७२ मध्ये 'अँब्युलन्स राइड' ही इंग्रजी दीर्घ कविता, जी त्यांनी स्वतःच छापली. ही नोंद मी त्या गृहस्थांना दाखवली. पुढे साहित्य अकादमीचा मान मिळवणारा कवी, त्याने १९७२ साली स्वतःच्या खिशातून कविता छापली होती आणि त्यामुळे तिला कुणी कमी लेखलं नाही.

मात्र एक फरक त्यांना सांगितला, तो तुम्हालाही सांगतो. स्वतः छापणं वेगळं, आणि छापून देतो म्हणणाऱ्याला पैसे मोजणं वेगळं. पहिल्यात कागद कुठला, टाइप कुठला, किती प्रती, कुणाच्या हातात जाणार, हे सगळं कवी ठरवतो. दुसऱ्यात तो फक्त चेक लिहितो, आणि प्रतींचे गठ्ठे त्याच्याच पलंगाखाली येऊन पडतात. पलटणीच्या भाषेत बोलायचं तर पहिल्यात कमान तुमच्याकडे असते. दुसऱ्यात तुम्ही फक्त रसद पुरवता.

१९७५ ते १९७७ चित्रे अमेरिकेत आयोवाच्या लेखक-कार्यक्रमात होते. १९७८ मध्ये 'कवितेनंतरच्या कविता'. पहिल्या संग्रहानंतर अठरा वर्षांनी. मग निहलानींचे चित्रपट, आणि १९८४ च्या सुमाराला स्वतःचा 'गोदाम', भाऊ पाध्ये यांच्या कथेवरचा. पटकथा त्यांची, संगीत त्यांचं, दिग्दर्शनही त्यांचं. फ्रान्समधल्या नांत शहराच्या महोत्सवात त्याला ज्यूरीचं खास पारितोषिक मिळालं. आपल्याकडे किती लोकांनी तो पाहिला? हाताच्या बोटांवर मोजावेत असे लोक मला भेटले. त्याच सुमारास दोन वर्षं ते भोपाळच्या भारत भवनात होते, तिथलं 'वागर्थ' हे भारतीय कवितेचं केंद्र सांभाळत.

आणि या सगळ्या धावपळीत, पोरवयापासून, ते तुकोबांचं इंग्रजी भाषांतर करत होते. ते 'सेज तुका' या नावाने पेंग्विनने १९९१ मध्ये काढलं. म्हैसूरच्या माणसाला इथे लगेच ए. के. रामानुजन आठवतात. ते म्हैसूरचे, जन्म १९२९. शिकागोत शिकवत असताना त्यांनी बसवण्णा, अक्कमहादेवी, अल्लमप्रभू यांची कन्नड वचनं इंग्रजीत नेली आणि पेंग्विनने ती १९७३ मध्ये छापली. दोघेही कवी. रामानुजनांनी कन्नड संत पुढे केले, चित्र्यांनी मराठी, आणि छापणारं घर एकच. चित्र्यांच्या समग्र कवितेचा पहिला खंड, 'एकूण कविता', पॉप्युलर प्रकाशनाने १९९२ मध्ये काढला. १९९४ मध्ये 'एकूण कविते'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि 'सेज तुका'ला अकादमीचाच अनुवादाचा पुरस्कार, दोन्ही मिळाले. सोळाव्या वर्षी सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवणारा मुलगा तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. १० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात ते गेले.

आता पुन्हा म्हैसूरला येऊ, कारण नारायणांची गोष्ट अर्धी राहिली. 'स्वामी' छापलं गेलं, कौतुक झालं, खप मात्र बेताचा. पुढच्या पुस्तकांना दर वेळी नवा प्रकाशक शोधावा लागला. त्यात दुसरं महायुद्ध लागलं, विलायतेशी टपालच विस्कळित झालं. मग नारायणांनी १९४२ च्या सुमारास इथेच, म्हैसुरात, 'इंडियन थॉट' नावाने आपलं प्रकाशन उघडलं. त्याच नावाचं त्रैमासिकही काढलं. ते थोडक्यात आटोपलं, पण प्रकाशन टिकलं. छपाई करायचे इथल्याच एका छापखान्याचे चेलुव अय्यंगार, ज्यांना सगळे संपत म्हणत. मोठा बोलका माणूस. या संपतवरून नारायणांनी १९४९ मध्ये 'मिस्टर संपत' कादंबरी लिहिली. त्यात छापखानेवाला संपत साप्ताहिकाच्या संपादकाला वचनं देत देत शेवटी छापखाना बंद करतो आणि थेट सिनेमाच्या धंद्यात उडी घेतो, बिचाऱ्या संपादकालाही पटकथा लिहायला ओढतो. छापखाना आणि फिल्म कंपनी, दोघांनी मिळून लेखकाची कशी दमछाक करावी, याचं एवढं खुसखुशीत वर्णन दुसरं नाही. पुढे जेमिनीच्या वासनांनी त्यावर हिंदी चित्रपटही काढला. म्हणजे जगभर ज्यांचं नाव झालं ते नारायणही स्वतःच स्वतःचे प्रकाशक होते.

शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे आणखी एक ठिकाण. तिथले के. व्ही. सुब्बण्णा याच महाराजा कॉलेजात शिकले, कुवेंपूंचे विद्यार्थी. गावी परत गेले, सुपारीच्या बागा बघत त्यांनी 'नीनासम' ही नाट्यसंस्था वाढवली, 'अक्षर प्रकाशन' काढलं, आणि १९७० च्या दशकात फिल्म सोसायटी चालवून खेड्यातल्या लोकांना जगातले अभिजात चित्रपट दाखवले. पुण्याचे सतीश बहादूर तिथे येऊन शिकवून गेले. १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सिनेमा शिकवणं आणि पुस्तकं छापणं एकाच अंगणात चालू शकतं, याचा पुरावा म्हैसूरहून एका दिवसाच्या अंतरावर आहे. मी त्या गृहस्थांना म्हटलं, सुट्टीत मुलांना घेऊन तिकडे जाऊन या.

राहता राहिले कोलटकर. अरुण कोलटकर कोल्हापूरचे. जाहिरातीच्या क्षेत्रातले नावाजलेले आर्ट डायरेक्टर, म्हणजे पैशाची चणचण नव्हती, घाईही नव्हती. त्यांची इंग्रजी 'जेजुरी' आधी एका त्रैमासिकात १९७४ मध्ये आली. पुस्तक म्हणून आली १९७६ मध्ये, 'क्लिअरिंग हाऊस'कडून. हे क्लिअरिंग हाऊस म्हणजे चार कवींनी मिळून काढलेली सहकारी संस्था. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गिव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर. वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेतली, चौघांची चार पुस्तकं एकदम काढली, मुखपृष्ठं कोलटकरांनी केली. आपल्याकडे भिशी असते ना, तसाच हा कवींचा मामला. चित्र्यांचा इंग्रजी संग्रहही याच संस्थेने १९८० मध्ये काढला. 'जेजुरी'ला १९७७ चं राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळालं.

आणि मराठी? 'अरुण कोलटकरच्या कविता' हा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये आला, कोलटकर पंचेचाळिशीत असताना. काढला अशोक शहाणे यांनी, 'प्रास प्रकाशन' या नावाने. शहाणे हे अनियतकालिकांच्या चळवळीतले बिनीचे शिलेदार. त्यांनी कोलटकरांची पुस्तकं ज्या निगुतीने काढली, तशी निगा मोठमोठ्या प्रकाशनांना जमलेली नाही. त्यानंतर कोलटकर पंचवीस वर्षं जवळजवळ गप्प, म्हणजे लिहीत होते, पण पुस्तक नाही. २००३-०४ मध्ये, कॅन्सरने गाठलेलं असताना, एकापाठोपाठ एक पुस्तकं आली. 'चिरीमिरी', 'द्रोण', इंग्रजीत 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्पसत्र'. सप्टेंबर २००४ मध्ये ते गेले.

त्यातल्या सगळ्यात जाड मराठी पुस्तकाचं नाव आहे 'भिजकी वही'. तेही प्रासनेच काढलं. नाव वाचलं की देहूचा डोह डोळ्यांपुढे येतो. आत मात्र जगभरातल्या रडणाऱ्या बायका आहेत, वही भिजली आहे ती त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याने. २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

पुढच्या भागात परत श्रीरंगपट्टणला जाऊ. खंदक अजून ओलांडायचा आहे. जय हिंद.